परत मागितलेला वानवळा

ते फळ नक्की कोणतं, हे आमच्या घरात आजतागायत ठरलेलं नाही. आमचे हे म्हणतात क्रॅनबेरी. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात करवंद. मी काहीच म्हणत नाही, कारण त्या फळापायी मी एकदा अशी काही गोंधळले की तेव्हापासून त्याच्याबद्दल छातीठोकपणे बोलायची माझी हिंमत होत नाही. मी गप्प बसते म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल, हे मला ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

ह्यांनी पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तिथून हे सुरू झालं. स्वेच्छा कुणाची होती ते विचारू नका. त्या वर्षांत आमच्या ओळखीत घराआड एक तरी माणूस असा घरी येऊन बसला होता. नव्या मशिनी आल्या, जुनी माणसं घरी आली. ह्यांची जन्मभराची सवय सुपरवायझरची. सकाळी दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खुर्चीत बसायचं. हाताखाली आता मी एकटीच. कुकरची शिट्टी झाली की आतून आवाज यायचा, "अगं, दुसरी झाली!" जशी काही मी बहिरीच होते.

अशात मुलाच्या एका मित्राने अमेरिकेहून सुकवलेल्या क्रॅनबेरीचं पाकीट आणलं. दिसायला मनुका, चवीला आंबटगोड. ह्यांना ती भलतीच आवडली. पाकिटावरचा मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला आणि जाहीर केलं, "हे आपल्याकडे का होत नाही? झालंच पाहिजे." मग बसने हडपसरच्या पुढे कुठल्याशा नर्सरीत गेले आणि एक काटेरी रोप घेऊन आले. नर्सरीवाल्याने म्हणे शपथेवर सांगितलं होतं, साहेब, हीच ती, इंडियन क्रॅनबेरी.

मी म्हटलं, "तो तुम्हाला इंडियन सफरचंद म्हणून पेरूही देईल."

"तुला काही कळत नाही," हे म्हणाले. ह्यांचं हे ठरलेलं वाक्य. निवृत्तीनंतर तेवढं एकच यंत्र चालू राहिलं होतं.

आमचा फ्लॅट कसबा पेठेत, आम्ही राहायचो तो वाडा पाडून नव्या बांधलेल्या इमारतीत. स्वयंपाकघराला लागून हातभर गॅलरी. त्या गॅलरीत अर्धं कापलेलं पिंप आणि त्यात ते झाड. काटे जोडीजोडीने, सुईसारखे. माझ्या दोन चांगल्या साड्या त्या झाडाने वाळत घातल्या जागी फाडल्या. फळ मात्र नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. रोज सकाळी हे तिथे उभे राहून झाडाची हजेरी घ्यायचे. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र पांढरी, जाईसारखी फुलं आली आणि आषाढ संपता संपता फळंही धरली. पांढरट, एका बाजूने गुलाबी, छोट्या बोराएवढी. फार नव्हती. एका पातेल्यात मावतील एवढीच.

ह्यांना झालेला आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. मुलगा पहिल्या वर्गात पास झाला तेव्हासुद्धा हे एवढे हसले नव्हते.

आता प्रश्न असा की ह्याचं करायचं काय. मी भोरकडची. आमच्याकडची करवंदं काळीभोर असतात, डोंगरात जाळ्यांवर लागतात आणि पानाच्या द्रोणात विकायला येतात. ही पांढरी-गुलाबी, मोठी, तोडलं की देठातून दुधासारखा चीक येणारी. काकू कोकणातल्या. त्या एक तोंडात टाकून म्हणाल्या, "करवंदच हो, पण शिकलेलं दिसतंय." त्यांच्या मते मोहरी फेसून लोणचं घालावं. आमच्या शेजारच्या भाभी, त्यांचं घर पेठेत चार पिढ्यांचं, त्या म्हणाल्या, "वहिनी, टोचून पाकात सोडा, मुरंबा असा होतो की बोटं चाटाल." तळमजल्यावर एकटे राहणारे निवृत्त हेडक्लार्क आहेत, त्यांना सगळी इमारत अण्णा म्हणते. ते म्हणाले, "बेकरीत केकवर जी लाल चेरी असते ना, ती ह्याचीच करतात, रंग घालून. म्हणजे तुमच्या यजमानांना अमेरिका नाही, बेकरी घरबसल्या मिळाली." मला वाटत होतं, आमसुलाऐवजी आमटीत घालून पाहावीत. हे म्हणाले, "कोणीही काहीही करायचं नाही. अजून पिकायची आहेत." सल्ले घमेलंभर आणि फळं पातेलंभर, अशी गत.

आणि मग ती फळं कमी व्हायला लागली.

आधी मला बुलबुलांचा संशय आला. ह्यांनी झाडावर जुन्या कॅसेटची टेप बांधली. तरीही रोज थोडी थोडी गायब. मग मला ह्यांचाच संशय आला. "तुम्ही खाताय का?" म्हटलं तर असे काही संतापले की खाल्ली नसणार हे कळलं. माणूस खरंच निर्दोष असला की त्याचा संताप वेगळा असतो.

एका संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते आणि मला गॅलरीत आमची सून दिसली. पाठमोरी. भराभरा फळं तोडत होती. मग आत आली, मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ कागदात घेतलं, पुडी बांधली, पर्समध्ये टाकली आणि, "येते आई," म्हणून निघून गेली. मी हातात काडेपेटी घेऊन तशीच उभी.

सून म्हणजे आमच्याकडे लग्न होऊन येऊन पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. वाशीमकडची, हुशार, काटक पोर. "मी आली," "मी गेली," असं बोलायची. हिंजवडीला कंपनीत होती. अमेरिकेत कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की तो माणूस फोन करणार आणि आमची सून इथून त्याला इंग्रजीत कोणतं बटण दाबायचं ते सांगणार. तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र. त्यामुळे ती दिवेलागणीला निघायची. आमच्या गल्लीत कंपनीची गाडी शिरत नाही, म्हणून कोपऱ्यापर्यंत चालत जायची. सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग घरी. मुलगाही हिंजवडीलाच, पण वेगळ्या कंपनीत आणि दिवसा. तो संध्याकाळी घरी येऊन बूट काढत असायचा, ती चपला घालत असायची. सकाळी ती यायच्या आत हा निघालेला, आणि सुट्टीचे वारही वेगळे. नवराबायकोची गाठ पडायची ती उंबऱ्यावर. आम्हाला हा काय प्रकार आहे तेच कळत नसे. नोकरी म्हणे चांगली. दोघांची चांगली. मग घर असं धर्मशाळेसारखं का झालं होतं?

तर, मीठ लावून आंबट. मी हिशेब मांडायला बसले. डोळ्यांखाली काळं आलेलं होतं. सकाळी घरी आली की पोह्यांच्या वासानेही नको म्हणायची. दिवसा पडून असायची. दोनदा तर वाटी हातात धरून बसल्या बसल्या डुलक्या काढताना मी पाहिलं होतं. आणि आता हे आंबट, तेही लपूनछपून! अहो, यात न कळण्यासारखं काय आहे? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या क्षणापुरती मी अजिबात गोंधळलेली नव्हते, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पण त्या दोघांची भेट होते कधी?"

"तुम्हाला काही कळत नाही," मी म्हटलं. आज माझी पाळी होती.

आता कोणीही म्हणेल की बाई, सरळ विचारायचं ना. पण आमच्यात असं विचारत नाहीत. तीन महिने होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते. आणि सासूने आपणहून विचारणं म्हणजे घाई केल्यासारखं. तिने सांगायचं, आपण आश्चर्य दाखवायचं, अशी रीत. मी तिच्या सांगण्याची वाट बघत राहिले. तिच्या ताटात तूप जास्त वाढू लागले. ती बिचारी म्हणायची, "आई, इतकं नको ना." मी म्हणायची, "असू दे गं." ती माझ्याकडे बघायची आणि मी गालातल्या गालात हसायची. मुलालाही मी काही बोलले नाही. एकदा सहज म्हटलं, "तिची काळजी घे रे." तो म्हणाला, "ती भेटली की घेतो."

श्रावण लागला. काकू एकदा जिन्यात म्हणाल्या, कच्चं आंबट अशा दिवसांत फार बरं नाही, त्यातून हे चिकाचं फळ, उष्ण. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं हं. पण बायकांना सांगावं लागत नाही. रोज मूठमूठ कच्ची फळं खातेय पोरगी! मग मीच तोड काढली. शुक्रवारी आम्ही जिवतीची पूजा करतो, मुलाबाळांच्या आयुष्यासाठी. त्या दिवशी सगळं झाड उतरवायचं. झाडाचा पहिला बहर घरच्यांनी आधी खायचा नसतो, पाच घरी वानवळा द्यायचा असतो. येणाऱ्या जिवाला तेवढाच आशीर्वाद. आणि उरलेल्याचा मुरंबा करून ठेवायचा, म्हणजे तिला खावंसं वाटलं तर गोड करून खाईल. काय सुबक बेत होता! हेसुद्धा कारण ऐकल्यावर नाही म्हणाले नाहीत. स्वतः स्टूल घेऊन उभे राहिले आणि फळं उतरवली. हाताला चीक लागू नये म्हणून मी तेल दिलं. एकही फळ तोंडात न टाकता हे सगळं पातेलं माझ्या स्वाधीन करून गेले.

पाच वाट्या भरल्या. काकूंकडे एक, भाभींकडे एक, अण्णांकडे एक, वरच्या खोलीत नागपूर-अमरावतीकडची मुलं शिकायला राहायची त्यांना एक, आणि एक गणपतीच्या देवळात ठेवून आले. उरलेली फळं भाभींनी सांगितल्याप्रमाणे टोचून पाकात सोडली. पाक सुरेख गुलाबी झाला. आंबट नावाला राहिलं नाही.

संध्याकाळी सून आवरून गॅलरीत गेली आणि तिथेच थांबली. मी आतून बघत होते. झाडावर नुसते काटे.

"आई, सगळ्या काढल्या?"

"हो गं. वानवळा दिला. आणि हे बघ, तुझ्यासाठी मुरंबा."

तिने चमचा तोंडात घातला. गिळला. "छान झालाय," म्हणाली, पण तिचा चेहरा मुरंबा खाणाऱ्या माणसाचा नव्हता. घड्याळाकडे बघितलं, पर्स उचलली आणि गेली. कोपऱ्यापर्यंत जाईतो दोनदा थांबली, हे मी खिडकीतून पाहिलं. मला काही उमगेना. डोहाळे असे असतात का? माझ्या वेळी मला भाजलेली माती खावीशी वाटायची, पण ती मिळाली नाही म्हणून मी अशी खचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती खोलीत गेलीच नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खालीच बसली आणि रडायला लागली. आवाज न करता. मुलगा नुकताच बाहेर पडला होता. हे पेपर घेऊन दारात आले आणि तसेच मागे फिरले. मी तिच्याजवळ बसले. रीत गेली खड्ड्यात. मी विचारलं, "कितवा?"

"कितवा काय?"

"अगं, महिना कितवा?"

"ऑगस्ट," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. दोघींपैकी कुणाला कशाचा काही पत्ता नव्हता. मग मी जे काय ते स्पष्ट विचारलं आणि तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"मूल?" ती म्हणाली. "आई, आमची गाठ तरी कुठे पडून राहिली?"

इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. आतल्या खोलीतून ह्यांचा खोकला ऐकू आला. हे सगळं ऐकत होते.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. तिला दिवसा झोपच लागत नव्हती. आमच्या मागच्या आळीत तांबट आहेत. सकाळी सुरू झालेली त्यांची ठोकाठोक दिवस मावळेपर्यंत थांबत नाही. आमचा जन्म त्यात गेला, आम्हाला ती ऐकूसुद्धा येत नाही. तिला मात्र प्रत्येक घाव डोक्यात बसायचा. त्यात माझा कुकर, त्यात ह्यांचं "दुसरी झाली!" सुरुवातीला ती कॉफीवर रात्र काढायची. मग कॉफीने पोटात आग पडायला लागली, अन्नाचा वास नको झाला. एकदा गंमत म्हणून ह्या झाडाचं फळ चावलं आणि डोळे खाडकन उघडले. तेव्हापासून रोज मीठ लावून पुडी न्यायची. पलीकडचा माणूस लांबण लावून बोलायला लागला की एक फळ दाढेखाली धरायचं. झापड आली की चावायचं. तीन आठवडे तिने असे काढले होते.

"आणि काल?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण विचारलं.

काल पुडी नव्हती. काल पलीकडचा माणूस बोलत होता आणि ती डोळे उघडे ठेवून झोपली. तो हॅलो हॅलो करत राहिला. तिच्यावरची जी बाई होती ती नेमकी तोच फोन ऐकत होती. ती म्हणाली, उद्या मी तुझ्या शेजारी बसणार. उद्याची रात्र नीट गेली तर कायम करू आणि दिवसाच्या कामावर घेऊ. नाहीतर नमस्कार.

"दिवसाच्या?" मी म्हटलं.

"हो ना. त्याच्यासाठीच तर हे सगळं करून राहिली. दिवसपाळी भेटली की आम्ही दोघं एका बसने जाऊ, एका वेळी घरी येऊ." मग म्हणाली, "बाबा माझं कंपनीचं फोटोवालं कार्ड गावात दाखवतात. त्याची झेरॉक्स काढून ठेवली त्यांनी."

ज्याची मी एवढी आस लावून बसले होते, त्याची वाट ह्याच नोकरीतून जात होती. आणि मी काय केलं होतं? पोरीचं एकुलतं एक हत्यार साखरेच्या पाकात बुडवून ठेवलं होतं. कौतुकाने, वेलदोडा घालून.

"तू आता झोप," मी म्हटलं. ह्यांना सांगितलं, "तांबटांकडे जा." हे म्हणाले, "त्यांना काय सांगू? धंदा बंद ठेवा?" मी म्हटलं, "तीस वर्षं सुपरवायझर होतात ना? बघा." हे गेले. काय सांगितलं देव जाणे, पण त्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत मागची आळी गप्प होती. पहिल्यांदाच मला ती शांतता ऐकू आली आणि कसंसंच झालं. मी कुकरही लावला नाही. भात पातेल्यात केला.

आणि मग मी एक रिकामी वाटी घेतली.

हे नुसतं लिहिताना मला आता कानकोंडं व्हायला होतंय. आमच्या घरातून बाहेर गेलेली वाटी रिकामी परत आली नाही आणि बाहेरून आलेली वाटी आम्ही रिकामी परत पाठवली नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. ही माझी शिस्त. आणि मी आता रिकामी वाटी घेऊन, काल दिलेला वानवळा परत मागायला, भर दुपारी शेजाऱ्यांच्या दारात! काय सांगायचं? सुनेला झोप येते म्हणून? जिन्यात दोनदा वर गेले, दोनदा खाली आले.

शेवटी काकूंची बेल वाजवली. म्हटलं, "काकू, कालची फळं... म्हणजे असतील तर... सुनेला हवी आहेत."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "अगो, असं आधी नाही का सांगायचं!" म्हणाल्या. त्यांनी फळं लोणच्यासाठी मिठात घातली होती. बरणीत हात घालून सगळी काढून दिली. "मिठातली आहेत, जास्तच आवडतील बघ. कितवा गो?"

आता काय सांगणार, ऑगस्ट? मी नुसती हसले. ह्याचा अर्थ त्यांनी काय तो घेतला.

भाभींनी अर्धी टोचली होती, अर्धी तशीच होती. त्यांनी टोचलेलीही दिली. "घ्या, पहिल्यांदा तिलाच हवीत," म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. भाभींचे डोळे पाहून मला अजूनच चोरट्यासारखं झालं. अण्णांनी दार अर्धं उघडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वानवळा परत मागणारी बाई कसबा पेठेत मी प्रथमच बघतोय. जरा थांबा, नीट बघून घेतो." मग आत गेले आणि देवापुढची वाटी जशीच्या तशी आणून दिली. वर एक फूलही होतं. म्हणाले, "देवाला मी समजावतो." वरच्या खोलीतल्या मुलांनी तर कालच फस्त केली होती. आणि देवळातली परत मागायची सोय नव्हती.

घरी आले तर हे गॅलरीत पिंपात जवळजवळ घुसून बसलेले. सकाळी घातलेला इस्त्रीचा शर्ट बाहीपासून फाटला होता, हातावर काट्यांचे ओरखडे. आतल्या फांद्यांत पानांआड राहिलेली दोन-चार फळं त्यांनी शोधून काढली होती. ती माझ्या वाटीत टाकली. मी म्हटलं, "अहो, एक तरी तुम्ही खा. तीन वर्षं सांभाळलंत."

"आता नको," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी येतील की."

संध्याकाळी सून उठली. झोपेने तिचा चेहरा जरा माणसात आला होता. मी तिच्या हातात स्टीलची डबी दिली. तिने उघडून बघितली. मिठातली, टोचलेली, फुलाची पाकळी चिकटलेली, अशी सगळी जमवाजमव.

"वाटून टाकल्या होत्या ना तुम्ही?"

"मागून आणली."

"परत?" ती म्हणाली. "तुम्ही?"

इतक्या महिन्यांत तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी म्हटलं, "जा आता, गाडी चुकेल." तिने डबी पर्समध्ये नाही, हातातच धरली आणि जिना उतरली. उंबऱ्यावर मुलगा बूट काढत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "हिला काय झालंय?" मी म्हटलं, "कितवा ते विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तेव्हा मी दारातच होते. हेही होते, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात. ती आली. स्वयंपाकघरात गेली आणि डबी ओट्यावर ठेवली. मी म्हटलं, "अगं, बोल ना!"

"तुम्हीच म्हणता ना आई," ती म्हणाली, "भांडं रिकामं परत द्यायचं नाही."

मी झाकण उघडलं. आत साखर होती. त्यांच्या कंपनीतल्या चहाच्या टेबलावर असतात तशा बोटाएवढ्या कागदी पुड्या, डबी भरून.

मला एकदम हुंदकाच आला. मी एक पुडी फाडून तिच्या तोंडात साखर घातली, तिने माझ्या घातली, हे मागे उभे राहून खोटं खोटं खोकत होते म्हणून त्यांच्याही घातली. मग मी चार वाट्या घेतल्या, प्रत्येकीत चार पुड्या घातल्या आणि ज्यांचं मागून आणलं होतं त्यांच्याकडे नेऊन दिल्या. मुलांनाही. काकू म्हणाल्या, "अगो बाई! म्हणजे नक्कीच!" मी म्हटलं, "अहो, तसं नाही, दिवसपाळी मिळाली तिला." काकू म्हणाल्या, "हो हो, कळलं, आत्ता सांगायचं नाही." भाभी म्हणाल्या, "मुबारक, वहिनी." अण्णांनी साखरेची पुडी उलटसुलट बघितली. "बारशाला अजून अवकाश आहे ना? तोवर मी आणखी काही परत देऊ का?" म्हणाले. मी समजावून थकले. सगळी इमारत पुढे कितीतरी महिने माझ्या सुनेच्या पोटाकडे बघत होती आणि पोट होतं तिथेच होतं.

दिवसपाळी लागली त्या संध्याकाळी दोघं एका बसने आले. उंबऱ्यावर दोघांच्या चपला-बूट एकाच वेळी निघाले. मी दोन ताटं शेजारी शेजारी वाढली. दोघं आधी नुसतेच बसले. इतक्या दिवसांनी एकत्र बसून काय बोलायचं, हे त्यांना सुचत नसावं. मग मुलाने तिच्या ताटातली पोळी तोडली आणि तिने त्याच्या हातावर चापट मारली. मी मुरंबा वाढला.

सुनेने चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"आई," ती म्हणाली, "रागावू नका. पण फारच गोड झाला."